अंबाळ्यात बुडालेले दात

शंभर वर्षांपूर्वी विलायतेत लोहार आणि न्हावीच लोकांचे दात उपटत. मग तिथे कॉलेजं निघाली, परीक्षा आल्या, दारांवर पितळी पाट्या लागल्या आणि लोहारांना घरी बसवलं गेलं. हे शहाणपण नागपूरला पोचायला, म्हणजे इथे दातांचं कॉलेज निघायला, १९६८ साल उजाडावं लागलं. तोवर इतवारीच्या फूटपाथवर चंद्रभान बावनकरचं बस्तान पक्कं बसलं होतं.

चंद्रभान हे काम कामठीच्या छावणीत एका नालबंदाकडे शिकला होता. नालबंद घोड्यांचे दात काढायचा. घोड्याच्या मानाने माणूस फार ओरडतो, एवढीच चंद्रभानची तक्रार. हात मात्र असा हलका, की दात निघाल्यावरही गिऱ्हाईक तोंड वासून बसलेलं असायचं. समोर लाल फडक्यावर वीस वर्षांत काढलेल्या दातांचा ढीग. पदवी म्हणाल तर तीच.

१९७२ साली त्याला दंतवैद्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कचेरीची नोटीस आली. निदान पंधरा वर्षं धंदा करत असल्याचा पुरावा आठ दिवसांत आणा, नाहीतर चिमटा जमा करा. चंद्रभान हसला. पुरावा तर पोतडीत होता, चांगला पायलीभर. साहेबासमोर एकेक दात ठेवून कोणाचा ते सांगायचं ठरलं, आणि घरी बसून त्याने सराव सुरू केला. हा धोंडबाचा, गेला बिचारा. ही प्रयागबाईची दाढ, तीही गेली.

त्याची बायको मनकर्णा भाकरी थापत ऐकत होती. मेलेल्याचा दात म्हणजे अस्थीच की. अर्ध्या इतवारीच्या अस्थी आपण तिखटाच्या डब्याशेजारी ठेवल्या! दुसऱ्या दिवशी नवरा पोतडी सरावासाठी घरीच ठेवून कामावर गेला, तशी तिने ती उचलली, रामटेकची बस धरली आणि अंबाळा तलावावर रीतसर विसर्जन करून आली. त्यात जिवंत माणसांचेही दात होते, पण निवडत कोण बसणार?

तिथे विधी करणाऱ्या महाराजांनी वहीत लिहायला मृताचं नाव विचारलं. इतक्या जणांची नावं तिला कुठली ठाऊक? वीस वर्षं दात काढणारे इतवारीचे बावनकर, एवढंच ती म्हणाली. पहिलं नाव? नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, म्हणून तिने हातावर गोंदलेलं त्याचं नाव पुढे केलं. महाराजांनी मान वर करून तिचं कुंकू पाहिलं असतं, तर पुढचं सारं टळलं असतं.

चंद्रभानचा पुरावा तळ्यात बुडाला होता. आठव्या दिवशी तो महाराजांनी मनकर्णेला दिलेली विसर्जनाची चिठ्ठीच घेऊन कचेरीत गेला. दुसरं होतं काय त्याच्याजवळ? साहेबाने ती तीनदा वाचली. 'कै. चंद्रभान बावनकर, इतवारी. वीस वर्षे दात काढण्याचा व्यवसाय.'

"वीस वर्षं सिद्ध होतात," साहेब म्हणाला. "पण तुम्ही वारला आहात. मयताची नोंदणी करता येत नाही."

"अन् मयताचा चिमटा जमा करता येते का, साहेब?"

साहेबाने नियमांचं पुस्तक चाळलं. तशी तरतूद नव्हती. फाइलवर 'अर्जदार मयत' असा शेरा मारून त्याने प्रकरण बंद केलं.

त्यानंतर कैलासवासी चंद्रभानने बारा वर्षं बिनधास्त दात काढले. नोटीस पुन्हा आली नाही. १९८४ साली तो खरोखरच गेला.

मनकर्णा अस्थींचं मडकं घेऊन अंबाळ्याला गेली. महाराज आता म्हातारे झाले होते. त्यांनी जुनी वही काढून एका ओळीवर बोट ठेवलं. यांचं विसर्जन तर बहात्तरमध्येच झालं आहे, बाई.

मनकर्णेने मडकं छातीशी धरलं. "ते दात लोकाइचे होते, महाराज," ती म्हणाली. "हे माह्या घरचे हायेत."

महाराजांनी मान वर केली, तिच्या कपाळाकडे पाहिलं आणि कोरं पान उघडलं. मग नाव विचारलं. मनकर्णेने गोंदलेला हात पदराखालीच ठेवला आणि जन्मात पहिल्यांदा ते नाव तोंडाने घेतलं.