शेवटी 'ता' असलेले शब्द

लिहिण्याचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. आमच्या घरात सहीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. तेव्हा हे वाचून कुणाला 'हा कोण?' असं वाटलं तर ते चूक नाही. आधीच माफी मागतो.

दोन हजार सालाच्या आसपास मी नाशकात मराठी घेऊन एम. ए. करत होतो. पंचवटीतल्या खोलीवरचा जोडीदार कॉम्प्युटरचा विद्यार्थी. माझी समीक्षेची पुस्तकं चाळून एकदा तो म्हणाला, "मास्तर, असलं तर माझी मशीन पण लिहील."

त्याने खरंच प्रोग्राम लिहायला घेतला. शब्द माझे, वाक्यांचे साचे त्याचे. पण सुरुवातीला मशीन 'अनुभूतीचा संदिग्धता' असलं काही छापायची.

"अनुभव तो का ती?"

"तो."

"आणि अनुभूती?"

"ती."

"मग यांचं लग्न लावायचं कसं?"

मी भीत भीत सुचवलं, शेवटी 'ता' असलेले भाववाचक शब्द सगळे स्त्रीलिंगीच असतात. तो उडालाच. "म्हणजे वऱ्हाडात नुसत्या बायकाच! भांडणच मिटलं!"

मग मशीन सुटली. 'संदिग्धतेची समग्रता ही वास्तवतेची सापेक्षता असते.' आम्ही वाक्य उलटं केलं, तरी ते तितकंच भारदस्त राहिलं. तो पोट धरून हसायचा. मीही हसायचो, पण खरं सांगतो, त्यातली दोन वाक्यं मला पटली होती.

त्याने ती पानं छापून कॅन्टीनच्या भिंतीवर लावली. सगळं कॉलेज हसलं. नेमका त्याच आठवड्यात मी विभागाच्या चर्चासत्रासाठी निबंध दिला. विषय भाताच्या आवणीची, म्हणजे रोपं लावतानाची गाणी. आमचं गाव इगतपुरीकडचं, ही गाणी मी चिखलात उभं राहून ऐकलेली. त्या व्यासपीठावर एकदा उभं राहायचं, एवढीच माझी इच्छा होती.

चर्चासत्राचे निबंध निवडणाऱ्या सरांनी बोलावलं. "हे मशीनचं दिसतंय."

"नाही सर, माझंच आहे."

त्यांनी वाचलं, "'आवणीगीतांतील सामूहिकतेची लयबद्धता व्यक्तिनिष्ठतेची सीमारेषा पुसते.' म्हणजे काय?"

"सर, गाणं चालू असलं की सगळ्यांचे हात एका चालीत पडतात. एखादी बाई दमली, की गाणंच सावकाश होतं. तू दमलीस असं तिला कुणी म्हणत नाही."

सरांनी निबंधाची पानं पुन्हा चाळली. "हे कुठं लिहिलंयस?"

"हेच तर लिहिलंय, सर."

"बघतो," म्हणून त्यांनी निबंध ठेवून घेतला. दिवाळीची सुट्टी लागली तरी काही कळेना. मी गावी आलो. आईने दोनदा विचारलं, "कवा हाय तुझं भाषण?" मी विषय बदलला.

एका दुपारी किराणा दुकानातून हाक आली, फोन आहे. जोडीदार होता, तो सुट्टीतही नाशकातच राहिला होता.

"मास्तर, फळ्यावर नावं लागली. तुझं हाय."

"सरांना पटलं?"

"मला बोलावून विचारलं, हा निबंध तुझ्या मशीनचा का? मी म्हटलं, सर, माझी मशीन कधी चिखलात उतरली नाय. हसले. आणि तुला निरोप दिलाय."

"काय?"

"त्या दिवशी सांगितलंस तसंच सांगायचं. कागद आणायचा नाय."