ज्यादा तास

विश्वंभर मास्तरांचे नाव घेतले की माझ्या बोटांना ओल्या काळ्या मातीचा वास येतो. शाळा सुटल्यावर आम्हा दोघातिघांना मागे ठेवून ते अंगणात मातीची कयाधू नदी करायला लावत. कुठे वळण, कुठे डोह, कुठे पाणी तुंबेल, ते आम्हीच ठरवायचे. चुकले तर सांगत नसत. पाण्याचा तांब्या हातात देऊन बाजूला होत. पुस्तके मला इतरांनीही शिकवली. पण स्वतःच्या डोक्याने एखाद्या गोष्टीपर्यंत पोहोचण्याचा आनंद मला त्या एका माणसाने दिला. घरातला पहिला पदवीधर होऊन हैदराबादेहून परतलो आणि हिंगोलीकडच्या एका शाळेत मास्तर झालो, तेव्हा तोच आनंद पुढच्या मुलांना द्यायचा, एवढे एकच मनाशी धरले होते.

किती सोपे वाटले होते ते! तरतरीत मुले निवडावी, शाळेनंतर थांबवावी, त्यांना काही शोधायला, घडवायला द्यावे. मी मोठ्या उत्साहाने त्याला ‘ज्यादा तास’ असे नाव दिले. हेडमास्तरसाहेबांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेले आणि आपल्या हैदराबादी हिंदीत म्हणाले, “होशियार कू और होशियार बना को क्या करते, मास्टर? गधों को देखो.” पांगळ्याला काठी द्यावी हे साऱ्या जगाला समजते, ज्याचे पाय धावण्यासाठी शिवशिवतात त्याला मोकळे रान लागते, हे कुणालाच कसे समजत नाही? हुशार मुलाने करायचे काय? तर हेडमास्तरांच्या बाईसाहेबांच्या भाच्याचा अभ्यास घ्यायचा, पाहुण्यांसाठी स्वागताचे पद्य पाठ करायचे आणि उरलेला वेळ इतरांची गणिते होईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसायचे!

त्या खिडकीबाहेर बघणाऱ्यांत निवृत्ती होता. शेजारशेजारच्या दोन विहिरी, एकीचे पाणी वर, दुसरीचे खोल, असे का, हा त्याचा प्रश्न. मी म्हटले, शोध. पोरगा वेडावलाच. दोरीला दगड बांधून गावातली विहीरन् विहीर मापू लागला. जमिनीखालून पाणी कुठून कुठे जाते त्याचा नकाशा आकार घेऊ लागला. आणि एके दिवशी तो शाळेत यायचाच बंद झाला.

नदीपलीकडे त्याच्या गावी गेलो. बापलेक शेतात कापूस वेचत होते. बापाने ओटीतला कापूस खाली ठेवला आणि हळूच विचारले, “गुरुजी, खरं सांगा, पोरगं ठोंब हाय ना? मी रागावत न्हाई.”

“अहो, त्याच्यासारखा हुशार मुलगा शाळेत दुसरा नाही!”

“मंग काहून रोज मागं ठेवून राहिले त्याला?”

“ज्यादा तास असतो त्याचा.”

नांगराने जमिनीत पडणारी रेघ, तिलाही आमच्याकडे तासच म्हणतात. तो गडगडून हसला. “तास आमाला शिकवता व्हय? तास वाकडं गेलं तरच दुसऱ्यांदा घ्यावं लागतं, गुरुजी. चांगला बैल आमी सकाळी पयला जुंपतो अन् पयला सोडतो. मागं राहतो तो अडेल.”

“हुशारांचा तास हाय म्हून मी सांगितलं, गुरुजी,” निवृत्ती मान खाली घालून पुटपुटला. “बा म्हणतो, समदे ठोंब असंच सांगतेत.”

“आता कापूस येचू द्या,” बाप म्हणाला. “शाळेचं मंग बघू.”

हे ‘बघू’ मी चांगले ओळखतो! असे ‘बघू’ ऐकून शेतात राहिलेली मुले पुन्हा शाळेच्या वाटेवर दिसत नाहीत. परतताना मी वाटभर चरफडत होतो: त्या बापावर, हेडमास्तरांवर, तासाला असे पुस्तकी, ऐटबाज नाव देणाऱ्या माझ्या पदवीवर. एका शब्दापायी असे पोर जायचे? पण नदी ओलांडताना बापाचेच ते बैलाचे बोलणे पुन्हा कानात वाजू लागले, आणि या वेळी ते मला नीट ऐकू आले. तसाच मागे फिरलो. “उद्यापासून त्याला सगळ्यांच्या आधी पाठवा,” एवढेच बोललो. बापाने पोराच्या ओटीतला कापूस आपल्या ओटीत घेतला.

त्यानंतर मास्तरांना हे पत्र पाठवले:

“गुरुवर्य विश्वंभर मास्तरांस शिरसाष्टांग नमस्कार. हुशार मुलांचा तास आता शाळा भरण्याआधी घेतो. निवृत्ती येतो. बाप स्वतः आणून सोडतो आणि वाटेत भेटेल त्याला ऐकवतो, ‘आमचं पोरगं गेल्याबिगर शाळेचं कुलूप निघत न्हाई.’ परिणामी आता प्रत्येक बापाला आपले पोर पहाटेच पाठवायचे आहे. हेडमास्तरसाहेबांनीही पुतण्याला धाडला आहे. तो भिंतीला टेकून झोपतो. मी कपाळावर हात मारून घेतो, पण विहिरींचा नकाशा पुरा होत आला आहे, म्हणून कुणाचीही समजूत दुरुस्त केलेली नाही.

एक विचारायचे आहे. माझे वडील अखेरपर्यंत गावात सांगत असत, ‘मास्तर माझ्या लेकराला रोज ठेवून घेत, कारण सरकारचं एक काम त्याच्याबिगर अडलं होतं.’ असले काही काम नव्हते, हे मी कितीदा सांगितले. त्यांना पटले नाही. मास्तर, हे त्यांना कुणी सांगितले होते?”