मुलगी पाहायला गेलो आणि वजीर हातातच राहिला

मुलगी पाहायला जाताना लोक शर्टाला इस्त्री करतात. मी जीपमध्ये मोबाइलवर बुद्धिबळाचा डाव बरोबरीत कसा सोडवायचा ते वाचत होतो. मुलीचे वडील पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायचे आणि आलेल्या प्रत्येक स्थळाला आधी पटावर बसवायचे, अशी खबर माझ्या मामाने आणली होती.

"जितशी ते सोयरीक मोडी जाई, हारशी ते येडा समजतीन," मामा म्हणाला. "बरोबरी कर."

आणि मला हीच मुलगी हवी होती. नवापूरच्या एका लग्नात तिला बँडवाल्याला झापताना पाहिलं, तेव्हापासून मी कामातून गेलो होतो.

चार चाली होताच मी विचारलं, "बरोबरी घ्यायची का?" दोघं कबूल झाले की डाव संपतो, इतका सोपा नियम. मुलीच्या वडिलांनी चष्म्यावरून पाहिलं. "अजून चहा बी नही झाया, पाहुना."

मग दुसरा नियम काढला. पटावर तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की बरोबरी मागता येते. मी हत्ती डावीकडे, हत्ती उजवीकडे सुरू केलं. "खेळी ऱ्हायनात का झाडू मारी ऱ्हायनात?" म्हणत ऐन वेळी त्यांनी प्यादं सरकवलं. झालं, पुन्हा पहिल्यापासून मोजा!

त्यात भलतीच आफत. गृहस्थाचा नुसता दरारा, खेळ अगदीच कच्चा. मी टाळतोय आणि हे घोडा, उंट, हत्ती माझ्या घशात कोंबतायत! शेवटी त्यांचा राजा कोपऱ्यात एकटा उरला. माझे राजा आणि वजीर. वजीर देऊन टाकला असता तर नुसत्या दोन राजांवर बरोबरीच होती, पण इतकी उघड लाचारी मलाही जमेना.

एकच नियम शिल्लक होता. ज्याची चाल आहे त्याच्या राजाला शह नाही, पण हलायलाही जागा नाही, म्हणजे बरोबरी. मी वजीर उचलला.

तेवढ्यात ती चहा घेऊन आली. पटाकडे पाहून म्हणाली, "तिथे ठेवलात तर बरोबरी. शेजारच्या घरात मात आहे. दिसत नाही, की द्यायची नाही?"

मामाला ठसका लागला.

"द्यायची नाही," मी म्हणालो. खोटं सुचलंच नाही.

"बाबांना घाबरून मी लहानपणापासून मुद्दाम हरते. आता नवराही तसलाच आणू?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी वजीर शेजारच्या घरात ठेवला आणि "मात" म्हणालो. आवाज फाटलाच.

तिच्या वडिलांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्याकडे पाहत राहिले.

"इतला वरीस तू मुद्दाम हारी ऱ्हायनी?"

"हो."

ते सोंगट्या पुन्हा मांडू लागले. "बैस," ते तिला म्हणाले. "आते खरं खेळ."

मी उठून तिला माझी खुर्ची दिली. होकार तिने तिथेच, पहिलं प्यादं सरकवता सरकवता दिला.