दोन बोटं लांब केलेली क्लचची दांडी

माझी मोटरसायकल जुनी, दोन स्ट्रोकची. तिच्यावर पाने अन् पाईप लादून मी कंधार तालुक्यात विहिरीवरचे पंप दुरुस्त करत जन्म काढला. शाळा चौथीतच सुटली, पण खडकातून गाडी कशी काढायची हे मला कुणी शिकवायची गरज पडली न्हाई.

मागल्या साली नांदेडची काही मंडळी आमच्या माळावर एक खेळ घेऊन आली. धोंड्यांमधून चुन्याच्या रेघा मारायच्या अन् त्यांच्या मधून हळूहळू गाडी काढायची. पाय जमिनीला टेकला की एक गुण चढतो. ज्याचे गुण कमी, तो जिंकला. मी म्हणलं, हे तर मी रोज पोटासाठी केलं. उतरलो. दोन टप्पे काढले. तिसऱ्यात डावा हात गळाला. अशा जागी क्लच सारखा धरायचा-सोडायचा असतो अन् माझा क्लच लई कडक. बोटं वळेनातच. गाडी बंद, दोन्ही पाय खाली. गुण लिहिणाऱ्या बाई कॉलेजात शिकवतात. त्यांनी वही मिटली अन् म्हणाल्या, "काका, तुमचे कशाला मोजायचे? या वयात आलात हेच खूप." मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या मला वर्षभर झोंबत राहिल्या. एका जागी बसवेना. यंदा माझे गुण वहीत चढलेच पाहिजेत, दुसरं डोक्यात काही न्हाई. बसल्या जागी डाव्या हाताची मूठ आपोआप आवळायची. बायको म्हणायची, "अवो, भाकर खावा आधी. ताटाला काय क्लच मारून राहिले?"

लातूरला माझ्या ओळखीचा एक मिस्त्री हाय, जुन्या गाड्यांवर हात बसलेला. त्याला फोन केला. तो म्हणाला, "चाचा, इंजिनाच्या बाजूला छोटी दांडी असते ना, क्लचची वायर तिलाच ओढते. ती अर्धं बोट लांब करा. हाताला हलकं लागंल. ज्यादा करू नका."

अर्धं बोट! आम्हा पंपवाल्यांची रीत अशी की पाना हलला न्हाई तर त्याच्या दांड्यात पाईप घालायचा. तरी न्हाई हलला तर त्याहून लांब पाईप. जमिनीत गंजून बसलेले नट मी असेच काढले. मला काय अर्धं बोट सांगतो? वेल्डिंगवाल्यापुढं उभा राहून दोन बोटं लांब करून घेतली.

क्लच लोण्यासारखा झाला. बायकोला चुलीपासून उठवून आणलं. "दाब." तिनं दाबला. "हाव, हलका हाय." मी ऐटीत बसलो, किक मारली, क्लच पार दाबून पहिला गिअर टाकला. गाडी थांबंचना! क्लच मुठीत दाबलेला अन् गाडी पुढंच. अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांतून सरळ भिंतीवर.

बायको मिरच्या गोळा करत म्हणाली, "हलका हाय, पण कुणाचं ऐकत न्हाई. तुमच्यावर गेलाय."

मग मी वायर घट्ट केली. आणखी घट्ट केली. आता गाडी जागेवर थांबायची, पण चढाला लावली की इंजिन नुसतं ओरडायचं, चाक पुढं जाईना, जळकट वास. खेळाला आठ दिवस राहिले. गाडी टेंपोत घातली अन् लातूर गाठलं.

मिस्त्रीनं दांडी पाहिली. "चाचा, ही क्लचची दांडी हाय का बैलगाडीची?"

"तू सांग काय चुकलं ते."

"हात जेवढा हलका केला, तेवढं आतलं ढकलणं कमी झालं. क्लचच्या आतल्या प्लेटा एकमेकीपासून सुटतच न्हाईत. अन् वायर ताणली तर त्या नीट धरत न्हाईत. किती बोटं सांगितली होती मी?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्याकडं बघत हळूच म्हणलं, "अर्धं."

त्यानं करवत उचलली. दांडी कापून अर्ध्या बोटावर आणली. प्लेटा काढून माझ्यापुढं टाकल्या. त्यांच्यावर चिकटवलेल्या तुकड्यांच्या फटीत तोच जुना डिंक सुकून दगड झाला होता, त्यानं त्या चिकटत होत्या. "बसल्या बसल्या खरवडा." मी फरशीवर बसून पत्तीनं दुपारभर खरवडलं. त्यानं तेल लावून त्या बसवल्या अन् वायरीला नाण्याच्या जाडीएवढी ढील ठेवली. "ही ढील अशीच ऱ्हाऊ द्या. घट्ट करायची खाज सुटली तर हात खिशात घाला."

आठ दिवस हात खिशातच होते म्हणा ना.

यंदा दोन टप्पे पाय न टेकता गेलो. तिसऱ्यात हातानं दगा दिला न्हाई, पण वळणावर डावा बूट धोंड्याला लागला. गाडी बाहेर निघाली तशा बाई म्हणाल्या, "काका, एक."

"टेकला न्हाई. घासला."

"घासला म्हणजे टेकलाच की."

"तुम्ही कुठं उभ्या होत्या? या, धोंडा दाखवतो."

त्या आल्या. वाकून धोंडा बघितला, माझा बूट बघितला. मागचा गाडीवाला ओरडला, "काका, सरका की! आमचा नंबर हाय!"

"थांब रे. न्याय चालू हाय."

बाईंनी वही उघडली अन् माझ्या रकान्यात ठळक एक लिहिला. मी चष्मा काढून पुसला, घातला, आकडा नीट वाचला. मग पुन्हा भांडायला लागलो, की घासल्याचा अर्धा तरी करा.