देवीचं पाऊल, सज्जातली वीट

वऱ्हाडचा कारभार नागपुराहून चाले तेव्हाची गोष्ट. बुलढाण्यात एक साहेब बदलून आले आणि गावात म्युझियम नाही हे पाहून फार कष्टी झाले. उन्हाळ्यात विहिरीही आटत. पण त्याचं दुःख बहुधा दुसऱ्या खात्याकडे असावं. मी शाळेत ड्रॉइंग मास्तर. अक्षर वळणदार, म्हणून इतिहासाचा जाणकार ठरलो.

एका कापूसवाल्या शेठचं दुमजली विटांचं घर रिकामं पडलं होतं, तेच म्युझियमसाठी घेतलं. भाजीव विटा, चुन्याचे सांधे, रस्त्याकडे तीन कमानी, भिंतीच्या पोटातून वर जाणारा अरुंद जिना. बांधून चाळीस वर्षंही झाली नसतील. साहेबांनी कमानींकडे दोनदा पाहिलं आणि घर मोगलांचं करून टाकलं. वरच्या सज्जात जमिनीच्या एका विटेवर चिमुकलं पाऊल उमटलेलं होतं. त्याला मी हुकमाप्रमाणे पाटी रंगवली: 'प्राचीन देवीचं पाऊल'. आठवड्यात तिथं कुंकू पडू लागलं. इतिहास रंगाइतक्या झपाट्यानं वाळतो, हे मला नवीनच होतं.

एका बाजाराच्या दिवशी उंद्रीहून एक म्हातारे मुसलमान मिस्त्री आले. जिना चढून थेट त्या विटेपाशी बसले.

"मास्तरसाहेब, हे काय लिहेल हाय?"

मी वाचून दाखवलं. ते हसले.

"देवी? माही पोरगी हाय ते. हे घर म्याच बांधलं. कच्च्या विटा वाळत होत्या, त्याहिच्यावरून पळाली. मालक म्हने फेकून दे. म्या ते वीट भाजून गुपचूप इथं बसवली."

"कुठं असते आता?"

"त्याच साली तापानं गेली."

"मग इतक्या वर्षांत कधी आला नाहीत?"

"शेठच्या घरात मले कोन घुसू देते?"

मी हे साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "अडाण्याच्या सांगण्यावरून पुरावा बदलत नसतो." पुरावा म्हणजे मी रंगवलेली पाटी. मी ती उतरवली आणि 'मिस्त्रीच्या मुलीचं पाऊल' अशी नवी लावली. साहेब जिना चढत नसत, त्यामुळे संशोधनाला बाधा आली नाही.

पुढच्या बाजाराला मिस्त्री बायकोला घेऊन आले. तिला पायऱ्या झेपेनात. आम्ही दोघांनी धरून वर नेली. तिनं पदरानं कुंकू पुसलं, त्या पावलात आपली चार बोटं ठेवली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "इतके साल मले सांगतलं काऊन नाही?"

मिस्त्री खाली रस्त्याकडे पाहत म्हणाले, "सांगतलं असतं, त तू रोज शेठच्या दारापाशी येऊन बसली असती."