वालूरच्या आजीचं अर्धं गाणं

मंडळी, आज निघालो होतो जिंतूरला. वालूरला चहासाठी उतरलो अन् तिथंच अडकलो.

टपरीमागं साळ्यांची, म्हणजे विणकरांची, गल्ली आहे, हातमाग मात्र एकही उरला नाही. ओट्यावर नव्वदीच्या गयाबाई बसल्या होत्या. म्हणाल्या, निजामाच्या राज्यात गल्लीभर सूत ताणून बाया खळ लावायच्या अन् गाणं म्हणायच्या. मी लगेच फोन काढला. "म्हणा की आजी!"

"गेला गं बाई, नदीपल्याड गेला," एवढं गाऊन त्या थांबल्या. पुढची ओळ गायली, पुन्हा थांबल्या. मला वाटलं, विसरल्या.

"इसरंन कशाला? मधलं सुताच्या त्या टोकाच्या बाया म्हणायच्या. त्या पुसायच्या, आमी सांगायचो."

"मग त्यांचंबी म्हणा ना."

"दुसऱ्या टोकाचं तोंडात घेतलं की सूत तुटतंय म्हणायचे. कधी घेतलंच न्हाई, आता आठवत न्हाई. त्या बाया तर समद्या गेल्या. तू पूस की लेकरा, मी सांगते."

मी आपलं मनानंच जुळवून म्हणलं, "कोण गेला गं बाई?"

आजी म्हणाल्या, "असं नव्हतं बाबा ते."

तुमच्याकडं कोणाच्या घरी त्या टोकाची बाई आहे का हो? विचारतोय खरं, पण नसणारच.