हरभऱ्याची वाकडी तासं

या, जवळ सरका. तिथं दारात पाय अवघडून काय बसता? आणि आधी ऐकून घ्या, मग रागवा. परवा तुमच्यातल्याच एकीनं मला पत्रानं कळवलं, "आता या वयात माझ्यानं काय होणार, माझा स्वभावच तसा." वय किती, तर चाळीस. अगं बाई, चाळीस हे काय वय झालं? आणि स्वभाव काय कोणी शिक्का मारून देतं का जन्माच्या वेळी? असं लिहायला हात कसा धजतो तुमचा? घ्या, चहा घ्या, आणि आमच्या काकीचं ऐका.

"रडाचं असंल त धुऱ्यावर जाऊन रड. तासात नको."

हे काकीचं बोलणं. धुरा म्हणजे वावराचा बांध आणि तास म्हणजे पेरणीची ओळ, एवढं तुम्हाला ठाऊक असेल. हे म्हणताना ती उजव्या हाताचा अंगठा खांद्यावरून मागं करायची, जसा काही धुऱ्यावर तिनं रडणाऱ्यासाठी पाट मांडून ठेवलाय. रडू नको असं ती कोणालाच म्हणाली नाही. जागा तेवढी दाखवायची.

पण हीच बाई आधी गावातली सगळ्यात रडकी बाई होती, हे तुम्हाला सांगून खरं वाटणार नाही.

आमचं गाव दुसरबीडच्या अलीकडं, बाजाराच्या रस्त्याला लागून. नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी लग्न होऊन आलेली, काकीचं घर आमच्या भिंतीला भिंत. काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, लकवा मारून गेलेला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. ते दिवसभर ओसरीत खाटेवर. पोरबाळ नव्हतं. वावर होतं, बैलजोडी होती, पण हाकणार कोण? म्हणून दिराकडं दिलेलं. दीर वाईट नव्हता, हे आधीच सांगते. पेरायचा, काढायचा, पोतं आणून घरात टाकायचा. फक्त पोतं टाकलं की अंगणात उभं राहून चार घरांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "वहिनी, मी हावो म्हणून चूल पेटते तुमची."

त्यावर काकी तिथं काही बोलायची नाही. विहिरीवर येऊन बोलायची. रोज. तेच. आधी काकांचं दुखणं, मग दिराचं बोलणं, मग दोन्ही हात कपाळाला आणि शेवटी, "माह्या नशिबानं मले धरून ठेवलं, बाई, मी काय करू." सुरुवातीला आम्ही पदर डोळ्याला लावायचो. मग नुसतं हूं म्हणायचो. मग बाया तिला लांबून पाहून अर्धीच घागर भरून निघायला लागल्या.

एक दिवस माझी थोरली जाऊ पाणी शेंदत होती. जीभ तिची विळ्यासारखी, पण मनात काही नाही. काकीनं सुरू केलं, "माह्या नशिबानं मले..." आणि जावेनं दोर न सोडता, अगदी काकीच्याच सुरात, कपाळाला कोपर लावून पुरं केलं, "...धरून ठेवलं, बाई, मी काय करू."

विहिरीवर हशा पिकला. मी पण हसले, खोटं कशाला सांगू. काकी आमच्याकडं पाहतच राहिली. मग एकदम म्हणाली, "पाठ झालं वाटते तुम्हाले."

"पाठ?" जाऊ म्हणाली. "काकी, झोपीत म्हणून दाखवीन."

काकीनं घागर उचलली. चार पावलं गेली आणि वळून जावेला म्हणाली, "बरी आठवण देली बाई. मले वाटे, दरवेळी नवं सांगून राह्यले मी."

त्या दिवसानंतर विहिरीवर ते बोलणं आम्हाला कोणाला ऐकायला मिळालं नाही. गंमत बघा, आम्हालाच चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

दसरा झाला. रब्बीची पेरणी आली. आणि काकी दिराच्या अंगणात जाऊन उभी राहिली. मी सोबत होते, कारण तिनं मला हाताला धरूनच नेलं होतं.

"भाऊजी, बैल द्या. तिफण द्या. हरभरा मी पेरतो."

दीर हसला नाही. त्याला खरंच काळजी वाटली. "वहिनी, बाईनं तिफण धरू नाही. उगवत नाही बाईच्या हातचं."

"पोळी उगवते का बाईच्या हातची? तरी खाताच न तुम्ही."

तो चिडला. म्हणाला, "बरं, पेरा. पण चार माणसांसमोर सांगतो. यंदा साधलं, त वावर तुमचं, बैल तुमचे, मी तोंड नाही उघडणार. नाही साधलं, त वावर कायमचं माह्याकडं. मंग अंगणात उभं राहून मी काय बोलतो ते निमूट ऐकायचं."

काकी म्हणाली, "हाव."

एवढंच. मी मनात म्हटलं, ही बाई वेडी झाली.

तुम्हाला तिफण चालताना दिसली असेल. पुढं बैल, मागं माणूस रुमणं, म्हणजे तिफणीचा दांडा, दाबून धरतो आणि कासऱ्यानं बैल वळवतो. त्याच्यामागं बाई ओटीत बियाणं घेऊन चाड्यात, तिफणीवरच्या लाकडी वाटीत, मूठ सोडत चालते, ते तीन नळ्यांतून तीन तासांत पडतं. मूठ सोडायचं काम बायांचंच. ते मला चांगलं जमे. रुमण्याला मात्र आमच्याकडं बाईचा हात लागत नसे.

पहिला दिवस काय सांगू. बैलांना काकीचा आवाज ओळखीचा नाही. पूर्वी चारा टाकणारी बाई ही, हाकणारी कधी झाली? चांद्या उजवीकडं ओढी, लाल्या उभाच राही. काकी खाली तिफणीच्या फणांकडं पाहत चालायची, फण कुठं जातात ते बघायला, आणि तेवढ्यात बैल कुठल्या कुठं. मध्येच तिला रडू कोसळलं. डोळे भरलेले, हातात रुमणं, बैल चालूच. मी मागून म्हटलं, "काकी, थांबा न." तर म्हणाली, "थांबले त पुन्हा धरणार नाही मी." तशीच रडत चालली. दिवस मावळेस्तोवर निम्मं वावर झालं.

घरी आलो. काकांनी डाव्या हातानं विचारलं, काय झालं? काकीनं सांगितलं, बैल ऐकत नाहीत. काकांनी खाटेवरून गोठ्याकडं पाहिलं. मग त्यांनी तोंड वाकडं करून जिभेनं टाळूला आवाज काढला, टक् टक्, आणि मग एक लांब. शब्द गेले होते त्यांचे, पण हे गेलं नव्हतं. पेरणीपुरते बैल काकीच्या गोठ्यात बांधले होते, तिथं चांद्यानं मान वर केली. मी डोळ्यांनी पाहिलं.

काकीनं तसा आवाज काढायचा प्रयत्न केला. काकांनी मान हलवली, नाही. पुन्हा. नाही. भाकरी थापता थापता तिचं टक् टक् चालू. तव्यावरची एक करपली. शेवटी काकांनी हाव म्हणून मान डोलावली, आणि तिला जवळ बोलावून डावा हात तिच्या हनुवटीखाली घातला. मी लाजून तोंड फिरवलं. पण ते तसलं नव्हतं. त्यांनी तिची मान वर उचलली आणि त्याच हातानं लांब, भिंतीपलीकडं दाखवलं. फणाकडं नको पाहू. पुढं पाहा.

दुसऱ्या दिवशी काकीनं समोरच्या धुऱ्यावरच्या बाभळीवर नजर लावली आणि टक् टक् केलं. बैल चालले. उरलेलं वावर दिवस कलायच्या आत झालं.

मग वाट पाहणं. गावात सगळ्यांनी आपापला कौल देऊन टाकला होता, उगवत नाही. आठव्या दिवशी सकाळी काकी भिंतीवरून म्हणाली, "चाल, दिसून राह्यलं म्हणतात." आम्ही जवळजवळ पळत गेलो.

उगवलं होतं. दाट, हिरवं, एकसारखं. आणि वाकडं. काय सांगू किती वाकडं. नाल्याच्या पाण्यासारखी तासं इकडून तिकडं गेलेली, मध्येच दोन एकमेकांत शिरलेली, एक तर पार धुऱ्याला जाऊन भिडलेलं. भाकरी करपली तर घरात झाकता येते हो. पेरणी चार महिने गावासमोर उभी राहते, आणि हे वावर तर बाजाराच्या रस्त्यालाच. बैलगाड्या थांबायला लागल्या. "काकी, साप सोडला होता का तिफणीच्या पुढं?" "काकी, बैलांनी पेरली का बाईनं?"

दीर आला. खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, लोक घराले हसून राह्यले. जमिनीत ओल हाये अजून. वखर घालून मोडून टाकू. मी उद्या सरळ पेरून देतो. कोणाले काही सांगत नाही."

मला वाटलं, देव पावला. काकीला सुटायला रस्ता मिळाला. पण मोडलं म्हणजे साधलं नाही, आणि साधलं नाही म्हणजे वावर गेलं, हे माझ्या डोक्यात यायच्या आधी तिच्या डोक्यात आलं होतं.

"या इकडं, भाऊजी," ती म्हणाली आणि त्याला धुऱ्याधुऱ्यानं घेऊन चालली. "हे पाहा. इथं मी बैलायले भेत होते. हे जे धुऱ्याले भिडलं न, इथं रडत होते, दिसतच नव्हतं काही. हे थोडं बरं हाये, इथं मले राग आला होता तुमचा." दीर खोकला. "आन् हे इथून पाहा. हे दुसऱ्या दिवसाचं."

तिथून पुढची तासं खरंच सुधारत गेली होती. अगदी सरळ नाही, पण पाहणाऱ्याला कळावं इतकी. शेवटची सहा-सात तर कोण्या पुरुषानं पेरली असं म्हटलं असतं.

"हे मोडलं," काकी म्हणाली, "त मी शिकले कशी हे मलेच उद्या पटणार नाही. हसू द्या लोकायले. फुकटची करमणूक हाये."

दीर बसला खाली. रोपं बोटानं बाजूला करून पाहिली. मग म्हणाला, "उगवण चांगली हाये. पण डवरं कसं चालवसान यातून?"

हा प्रश्न खरा होता. सरळ तासांतून डवरं फिरवलं की तण निघतं. वाकड्यातून फिरवलं तर पीकच कापलं जातं. काकीनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि खुरपं घेऊन पहिल्या दिवसाच्या निम्म्या वावरात उकिडवी बसली. किती दिवस बसली म्हणून विचारू नका. मी सोबत होते, माझे गुडघे अजून सांगतात. मी म्हटलं, "काकी, चार बाया लावू निंदायला." तर म्हणे, "वाकडं म्या पेरलं. ते दुसऱ्यानं काऊन निंदावं?" आणि एवढं बोलून गाणं म्हणायला लागली, बेसूर.

त्याच निंदणीत रडायची वेळ माझ्यावर आली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, कूस उजवली नव्हती, घरात सासू त्या दिवशी नको ते बोलली होती. माझं खुरपं थांबलं. काकीनं पाहिलं आणि अंगठा मागं केला. मी उठून धुऱ्यावर गेले, पोटभर रडले, परत येऊन बसले. मी नव्हते त्या वेळात माझ्या तासातलं तण तिनं काढून ठेवलं होतं. तुम्हीच सांगा, याला काय म्हणायचं?

हरभरा खळ्यावर आला तेव्हा दीर येऊन बसला. ढिगाकडं पाहिलं, मूठभर दाणे दातानं फोडून पाहिले. काकी उभी. मी उभी. काकांना खाटेसकट आणलं होतं. दीर काकांना म्हणाला, काकीला नाही, "दादा, बैल तुमच्याकडंच राहू दे आता. माह्या गोठ्यात जागा नाही."

त्याच्या गोठ्यात चार जोड्या मावल्या असत्या. पण माणसाला हरताना काहीतरी कारण लागतं, ते काकीनं त्याला घेऊ दिलं. "हाव, जागेची अडचणच हाये," ती म्हणाली.

पुढं पंधरा-सोळा वर्षं तिनं ते वावर पेरलं. काका गेले त्या वर्षीही पेरलं. तासं इतकी सरळ होत गेली की रस्त्यावर कोणी थांबेना, आणि त्याची तिला जरा रुखरुखच लागली. मला तिनं दुसऱ्याच वर्षी रुमणं धरायला लावलं. माझी तासं कशी होती ते मी सांगणार नाही.

मग एका वर्षी तिची पुन्हा वाकडी आली. मी धुऱ्यावर उभी राहून ती तासं पाहत होते. तीच म्हणाली, "तवा भेव होतं. आता डोळे गेले. हे वाकडं वेगळं हाये, पोरी. हे शिकून जाणारं नाही." तिथल्या तिथं कासरा माझ्या हातात दिला. कोणी काढून घेतला नाही, तिनं दिला. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली, चार दिवसांच्या तापानं.

आता ते वावर काकीचे पुतणे, त्या दिराची पोरं, ट्रॅक्टरनं पेरतात. तासं दोरी लावल्यासारखी. बाजाराला जाताना मी थांबते तिथं, पण त्यात वाचायला काही सापडत नाही.

माझ्या घरामागं एक तुकडा आहे. तिथं यंदा मी हातानं हरभरा टोकला, ऐंशीच्या घरात आले तरी. तुमचं ते "या वयात" मला सांगू नका. परवाच उगवून आलाय. कसा आलाय ते मी लिहिणार नाही, डोळ्यांनी बघायला या. घाटे भरले की तासं झाकून जातात, त्याच्या आत या, लवकर.